टायरचा नियम विसरलात राव

फॉर्म्युला वनमध्ये रिफ्युएलिंग, म्हणजे रेस चालू असताना पेट्रोल भरणं, २०१० ला बंद केलं तेव्हापासून मजा गेली, असं इथे कोणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटतं. पेट्रोल भरायचे तेव्हा बरीचशी ओव्हरटेकिंग पिटमध्येच (गाड्या थांबतात त्या जागी) व्हायची की, ट्रॅकवर आपले एकामागोमाग एक वरातीसारखे. त्यापेक्षा २००५ चा टायरवाला नियम आठवा, इथे कोणीच काढला नाही. क्वालिफाइंग (रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) आणि अख्खी रेस टायरच्या एकाच सेटवर, पंक्चर वगैरे झालं तरच बदलायचा. आदल्या वर्षी फेरारीने १८ पैकी १५ रेस मारलेल्या आणि हा नियम आल्यावर त्यांच्या ब्रिजस्टोन टायरचं गणितच बसेना, त्यांचा ड्रायव्हर शूमाखरला वर्षभरात एकच विजय, तोही इंडियानापोलिसला, जिथे मिशेलिन टायरवाले सगळे फॉर्मेशन लॅपनंतर (रेस सुटण्याआधीच्या फेरीनंतर) पिटमध्ये गेले आणि सहाच गाड्या धावल्या (आपला नारायण कार्तिकेयन त्यातच चौथा आला, शेवटी पॉइंट ते पॉइंटच!).

पण थरार म्हणाल तर त्याच वर्षीची जर्मनीतली न्युरबर्गरिंगची रेस. मॅक्लारेनच्या राइकोनेनने ब्रेक लॉक करून पुढचा टायर एका जागी घासून सपाट केला, बदलायला आत गेला तर रेस जाणार, म्हणून तसाच दामटत राहिला, गाडी इतकी हादरत होती की टीव्हीवर बघताना आपलेच दात वाजावेत, आणि शेवटच्या लॅपला पहिल्याच वळणावर सस्पेन्शन तुटलं, जिंकला रेनॉचा अलोन्सो. बघायला भारी, पण ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ होता तो. २००६ ला टायर बदलायला परत परवानगी मिळाली आणि शूमाखरने लगेच सात रेस काढल्या.