जूनपासून ज्युनिअर केजी, लेक साडेतीनचा. काय शिकवून पाठवू?

सीवूड्सची आई
लेकाचा वाढदिवस 20 डिसेंबरचा. आपल्याकडे वय 31 डिसेंबरला मोजतात, त्यामुळे चार पूर्ण धरून ज्युनिअर केजीत बसतोय. पण जूनमध्ये साडेतीनचाच असेल. नर्सरी बिल्डिंगखालीच होती, दोन तासांची. आता शाळा नेरुळला, साडेतीन तास, डबा आणि व्हॅन.

सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांची पोरं शंभरपर्यंत म्हणतात. आमचा तेरानंतर थेट सतरावर. शाळेत भेटीला गेलो तेव्हा मिसने केशरी ठोकळा दाखवून "विच कलर?" विचारलं, तर हा म्हणे "गाजरी". मिस हसल्या, मला घाम फुटला. नेरुळ-वाशीत एखादा चांगला क्लास सुचवा. वर्कबुकं कुठली आणू?

घोडबंदरचा बाबा
गाजरी बरोबरच आहे की! क्लास अजिबात नको.

आमची लेक केजीत गेली तेव्हा पहिला आठवडाभर डबा जसाच्या तसा परत. आम्ही रोज मेन्यू बदलतोय: शिरा, थालीपीठ, मेथीचा पराठा. आजीचं म्हणणं, दृष्ट लागली. शुक्रवारी सहज तिच्यासमोर डबा ठेवला आणि म्हटलं, उघड. तिने दोन्ही हातांनी क्लिप ओढली, मग दातांनी, मग डबा माझ्याकडे सरकवला. नवीन डबा, क्लिप घट्ट, तिला उघडायलाच येत नव्हता. आणि मदत मागायची तर वर्गात सगळं इंग्रजीत, म्हणून ती पाच दिवस गप्प बसली होती.

तेव्हा शाळेचाच डबा आणि बाटली आत्तापासून वापरात काढा. चारचा खाऊ त्यातच द्या, गॅलरीत चटई टाकून, वीस मिनिटांत. उघडायचं, खायचं, बंद करायचं त्यानेच. पँट इलास्टिकची घ्या. "मिस, टॉयलेट" आणि "मिस, ओपन प्लीज" एवढं इंग्रजी पहिल्या महिन्याला पुरतं.

ऐरोलीकर
असहमत. आमच्या मुलाला क्लासचा फायदा झाला. बाकीची पोरं लिहीत असताना आपलं मूल नुसतं बघत बसलं की ते खचतं.

बालवाडीच्या बाई (निवृत्त), ठाणे
ऐरोलीकर, क्लासमध्ये तो इतर मुलांत मिसळला असेल, तो फायदा खरा. पण साडेतीनच्या बोटांत पेन्सिल पेलायची ताकद अजून आलेली नसते. जबरदस्तीने गिरवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत धरतं, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आधी हात तयार होऊ द्या. कणकेचा गोळा मळायला द्या, मटार सोलायला द्या, ओला रुमाल पिळू द्या. चिंचोके आणि राजमा एका ताटात मिसळून वेगळे करायला लावा, पण समोर बसून. माझ्या वर्गात एकाने चिंचोका नाकात घातला होता, त्या दिवसाची आठवण आजही नको वाटते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला (आता पालघर) हेच केलं. 1945 साली बालवाडी सुरू केली ती विकतच्या खेळण्यांवर नाही. बिया, शिंपले, दगड, पानं यांवर. आपण मात्र वर्कबुकं शोधत फिरतो.

आणखी एक. 31 डिसेंबरची अट किमान वयाची आहे. त्याच वर्षी घातलंच पाहिजे असं नाही. डिसेंबरची मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात. शाळेशी बोलून आणखी एक वर्ष नर्सरीत ठेवता येतं का ते विचारा. पहिलीलाही सहा पूर्ण लागतात, कुठे गाडी सुटत नाही.

सीवूड्सची आई
बाई, मनापासून आभार. शाळेशी बोलले. तिथल्या मिस म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, जड गेलं तर मागे घेऊ. आता भीती गेटवरच्या रडण्याची.

घोडबंदरचा बाबा
नजर चुकवून सटकू नका. मी सटकलो होतो, मग दोन आठवडे लेक बाथरूमला जातानाही माझा शर्ट सोडत नव्हती. "डबा खाल्ला, गोष्ट झाली, की मी गेटवर" असं सांगा, एक पापा घ्या आणि निघा. आणि त्या वेळेला गेटवर असाच. व्हॅन पहिल्या आठवड्यात नको.

सुट्टीत झोपेचं घड्याळही मागे घ्या. साडेदहाला झोपणारं मूल एकदम नऊला झोपत नाही, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं.

नेरुळचा काका
रेनकोट! जूनमध्ये शाळा आणि पाऊस हातात हात घालूनच येतात. स्वतः घालता-काढता येऊ दे. टोपी आधी की हात आधी, यावर आमच्याकडे रोज भांडण व्हायचं.

सीवूड्सची आई
अपडेट. चार दिवस गेटवर भोकाड. पाचव्या दिवशी धो धो पाऊस, रेनकोटची बटणं स्वतः लावण्याच्या नादात रडायचंच विसरला. डबा अर्धा संपतोय. उद्यापासून व्हॅन. गाजरी अजून गाजरीच आहे.