फिरायचंय म्हणून परदेशात इंग्रजी शिकवायला जाणं: यात गैर काय?

पायपीट:
‘देश तुला बघायचा आणि त्याचं भाडं पोरांनी भरायचं?’ असं परवा एका शिक्षिका मैत्रिणीनं तोंडावर सुनावलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे भांडायला आलोय.

मी जपानमध्ये, शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतात, जेट (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) कार्यक्रमातून दोन वर्षं सहायक शिक्षक होतो. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नव्हती आणि कोणी मागितलीही नाही. कुठल्याही विषयातली पदवी चालते. 1987 पासून चालू असलेल्या या सरकारी कार्यक्रमाच्या नावातच ‘एक्स्चेंज’ आधी येतं, ‘टीचिंग’ नंतर. देश बघायचाय हे मी मुलाखतीतही लपवलं नव्हतं.

शिकोकूवर 88 देवळांची परिक्रमा आहे, साधारण 1,200 किलोमीटरची. सलग चाललं तर दीडेक महिना जातो. नोकरदार माणसं तुकड्यातुकड्यानं करतात, त्याला तिथे रीतसर शब्दही आहे: कुगिरी-उची. मी सुट्टीच्या दिवशी तसाच चाललो. 37 आणि 38 या देवळांमध्ये 80 किलोमीटरहून जास्त अंतर आहे, तेवढ्याला तीन फेऱ्या लागल्या. सोमवारी वर्गात शिरलो की पहिला प्रश्न, कितवं देऊळ? मागच्या बाकावरचा एकजण पुस्तकातली ओळ वाचायला कधी तोंड उघडत नसे, तो माझ्या पायाच्या फोडांची चौकशी मोडक्या इंग्रजीत करायचा. त्या मुलांना इंग्रजीतला भूतकाळ माझ्या चालण्यातून आला. आता सांगा, कोणी कोणाचं भाडं भरलं?

खडूफळा:
फोडांचा किस्सा गोड आहे, पण तो एका मुलाचा आहे. बाकीच्या वर्गाचं काय? ‘भूतकाळ आला’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी वीस वर्षं हेच काम करतेय आणि अजूनही चाचणी घेतल्याशिवाय हे वाक्य उच्चारायची माझी हिंमत होत नाही.

खरा प्रश्न तुम्ही गेल्यानंतरचा आहे. दर एक-दोन वर्षांनी नवा चेहरा येतो. पहिला तास ठरलेला: माझं नाव, माझा देश, माझा आवडता खेळ. मुलांची माध्यमिक शाळा तीन वर्षांची, त्यात त्यांच्या वाट्याला दोन-तीन आत्मपरिचय येतात, आणि प्रत्येक वेळी गाडी पुन्हा ‘हॅलो’पासून. सेल्टासारख्या, इंग्रजी शिकवायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात 120 तासांपैकी प्रत्यक्ष वर्गावर शिकवणं असतं फक्त सहा तास, तेही कोणीतरी मागे बसून तपासतं. मला तर तेवढंही अपुरं वाटतं. तुम्ही शून्यावर गेलात.

पायपीट:
आत्मपरिचयाचं मान्य. वाचून ओशाळलो. पण मी सहायक होतो, वर्गाची जबाबदारी जपानी बाईंची होती. कित्येक तासांना माझं काम टेपरेकॉर्डरचं: मी वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं. त्यासाठी कुठली पदवी हवी?

सातबाहेर:
तुम्ही दोघं हेतूवर भांडताय. दारावर हेतू कोणी विचारत नाही, पासपोर्ट विचारतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. 2010 साली लागू झालेल्या करारामुळे भारतीयांना सहायक म्हणून एक अरुंद वाट आहे, पण तिथे इंग्रजी शिकवण्याची पात्रता दाखवावी लागते. सातांपैकी एखाद्याला खासगी अकादमीत कुठल्याही विषयाची पदवी पुरते. ज्याला शिकवता येतं त्याची झडती, आणि ज्याला फक्त फिरायचंय त्याला वाट मोकळी! भाषातज्ज्ञ ब्रज काचरूंनी 1985 साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली; आतल्या वर्तुळात ती मातृभाषा असलेले देश, भारत त्याच्या बाहेर. व्हिसा देणारे अजून आतल्या वर्तुळातच बसलेत.

घंटा_झाली:
पोरांनी भाडं भरलं की नाही ते माहीत नाही, मी मात्र भरलं. कोरियातली अकादमी, म्हणजे शाळा सुटल्यावरची शिकवणी. दुपारी सुरू, रात्री मोकळी. वर्षभरात शहराबाहेर चारदा गेले असेन. तिथल्या कायद्यानं वर्ष पूर्ण केलं की महिन्याभराच्या पगाराएवढी रक्कम सुटताना मिळते. मला अकराव्या महिन्यात ‘विद्यार्थी कमी झाले’ म्हणून काढलं. (त्याच आठवड्यात नवी शिक्षिका आली, ही गंमत वेगळीच.) फिरायला म्हणून निघणाऱ्यांनी आधी वेळापत्रक आणि करार वाचावा, नकाशा नंतर.

पायपीट:
जपानमध्येही गंमत आहेच. मोठ्या सुट्टीत मुलं घरी, आपण रिकाम्या टेबलाशी हजर. आणि पर्यटकांना मिळतो तो रेल्वेचा जेआर पास तिथे राहून नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला मिळतच नाही. आम्ही सेइशुन 18 हे तिकीट काढून दिवसभर साध्या गाड्यांनी रखडत जायचो. माझं फिरणं फुकटात झालं असं समजू नका.

भिंगरी:
किती चर्चा! मी पर्यटक व्हिसावर थायलंडमध्ये चार महिने शिकवलं, कंटाळा आला तसा लाओसला निघालो. शाळाही खूश, मीही खूश.

पायपीट:
भिंगरी, हे चूक आहे. तिथे नोकरीसाठीचा नॉन-बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. पकडले गेला असतात तर दंड तरी झाला असता, नाहीतर हकालपट्टी. आणि सत्राच्या मधोमध वर्ग सोडून जायचं म्हणजे?

खडूफळा:
पायपीट, तुमचाच युक्तिवाद आहे तो, फक्त दोन पायऱ्या खाली उतरलेला. देश बघायचा होता, शाळेनं घेतलं, मुलांना मजा आली. तुम्ही कागद नीट केले आणि सत्र संपेपर्यंत थांबलात, एवढाच फरक.

पायपीट:
तो फरक लहान नाही. पुढचं वर्ष करणार नाही, हे मी शाळेला काही महिने आधी लेखी कळवलं होतं. पण हो, पुढच्या माणसासाठी मी एक कागदही लिहून ठेवला नाही. कोणाला काय येतं, कोण कुठे अडतं, काहीच नाही. त्यानं ‘हॅलो’पासूनच सुरुवात केली असणार.

खडूफळा:
हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर मी इतकी चिडले नसते. बरं, 88 झाली का?

पायपीट:
66 झाली. 67 ते 88 राहिलीत, सगळी कागावा प्रांतातली. जाईन पुढच्या वर्षी. पर्यटक व्हिसावर, आणि शिकवायला नाही.