मदत हवी आहे: बंद थिएटर न पाडता वापरात आणायचंय

नमस्कार मंडळी. सांगलीत भर बाजारपेठेत आम्हा भावंडांचं एकपडदा थिएटर आहे, कित्येक वर्षं बंद. दगडी भिंती भक्कम आहेत, बाल्कनीचा सागवानी जिनाही शाबूत. पत्रे मात्र गेलेत, पावसाचं पाणी थेट खुर्च्यांवर पडतं. बिल्डर म्हणतात, पाडा आणि टॉवर बांधा. माझं मन धजत नाही.

अमेरिकेत मेम्फिसला सिअर्स या दुकानांच्या साखळीची १९२७ ची अवाढव्य इमारत १९९३ मध्ये ओस पडली. २०१७ मध्ये ती 'क्रॉसटाउन कॉन्कोर्स' म्हणून उघडली: दवाखाने, शाळा, कलादालन, घरं, खानावळी, सगळं एकत्र. आपल्याकडे लहान प्रमाणात हे जमायलाच हवं. खाली दुकानं, मध्ये नाटकांसाठी छोटं सभागृह, वर अभ्यासिका.

यूडीसीपीआरखाली (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) वापरबदलाची परवानगी कुणी घेतली आहे का? त्यात थिएटरची काही आसनं राखावीच लागतात का? पार्किंगचं काय केलंत? बाजारपेठेत एक इंचही मोकळा नाही, माझी खरी अडचण तीच. जुन्या दगडी बांधकामाचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारे कोल्हापूर-सांगली भागातले अनुभवी इंजिनिअर माहीत असतील तर कृपया सुचवा. पावसाळ्याआधी निदान छप्पर तरी घालायचंय.