मुलीला गव्हाचा त्रास आहे, पहिल्या कम्युनियनचं काय करायचं?

निर्मळची सून

नमस्कार. मी मूळची सातारकडची, हिंदू घरातली. लग्न होऊन वसईत आले त्याला बारा वर्षं झाली. बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण रविवारी सासूबाईंबरोबर मिस्साला जाते आणि मागच्या बाकावर बसते. मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे येशूचं शरीर म्हणून वेदीवरची भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी, पांढऱ्या फ्रॉकचं कापडसुद्धा आणून झालंय.

गेल्या दिवाळीपासून तिचं पोट सारखं बिघडायचं. वजन वाढेना, हिमोग्लोबिन आठवर आलं. आधी रक्ताची, मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि सीलिअॅक निघाला. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला चालतच नाही, आणि हे जन्मभराचं आहे. घरातून कणीक गेली, तिचा तवा वेगळा झाला. तांदळाच्या भाकरीवर निभतंय.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सरावासाठी मुलांना साधी होस्ट, म्हणजे गव्हाच्या भाकरीची पातळ चकती देतात, वेदीवर न ठेवलेली. हिने ‘नको’ म्हणून सांगितलं तर पोरं हसली. म्हणून मी फादरांना (नाव लिहीत नाही) भेटायला गेले. ते म्हणाले, ‘‘एवढ्याशाने काही होत नाही. ते येशूचं शरीर आहे, श्रद्धा ठेवा.’’ परत येताना रिक्षात मुलीने विचारलं, ‘‘आई, ती होस्ट येशू झाली की तिच्यात गहू उरतो का गं?’’

मला उत्तर आलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, एक दिवसाचा प्रश्न आहे, देऊन टाकू. सासूबाई काहीच बोलत नाहीत, आणि ते मला जास्त टोचतंय. होस्ट नाकारली तर माझा अविश्वास दिसेल, घेतली तर पोरीचं आतडं. खरंच तुम्ही लोक काय मानता, आणि यातून वाट कोणती?

जुनी बाई

ताई, आधी कामाचं. गव्हाची नेहमीची होस्ट तिला अजिबात देऊ नका. यात अविश्वास नाही.

आता तिच्या प्रश्नाचं. मी एकतीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, इतका नेमका प्रश्न मला एकाही पोराने विचारला नाही. गहू उरत नाही, पण गव्हाने जे जे होतं ते सगळं उरतं. आमचं कॅथलिक चर्च असं म्हणतच नाही की होस्टची चव, वजन, पीठ, ग्लुटेन बदलतं. ती वस्तू मुळात जी आहे ते बदलतं. आधी ती भाकर होती, आता ती ख्रिस्त आहे, आणि भाकरीचं बाह्यरूप जसंच्या तसं. प्रयोगशाळेत नेलीत तर ग्लुटेनच सापडणार. चर्चचे मोठे धर्मपंडित संत थॉमस अक्विनास 1274 साली वारले. त्यांनीसुद्धा हे विचारून ठेवलंय की वेदीवरच्या या भाकरीने पोषण होतं का. होतं, असं त्यांचं उत्तर आहे. जिने पोट भरतं तिने पोट बिघडूही शकतं. श्रद्धा ठेवली की ग्लुटेन पळून जातं असं कुठल्याच धर्मसभेने शिकवलेलं नाही.

वाट आहे आणि ती रोमनेच लिहून दिलीय. जुलै 2003च्या पत्रात स्पष्ट आहे: ग्लुटेन पूर्ण काढलेली होस्ट चालत नाही, कारण मग ती गव्हाची भाकरच राहत नाही. अगदी कमी ग्लुटेनची चालते, तिला बिशपांची परवानगी लागते. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या क्लाइड गावी बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी अशी होस्ट तयार केली, त्यात ग्लुटेन 0.01 टक्के. पण तेवढंही तुमच्या मुलीला चालेल का हे डॉक्टरांनीच सांगायचं, फादरांनी नाही आणि मीही नाही.

त्याहून सोपं म्हणजे तिला फक्त द्राक्षारस (वाइन) द्या. 1551 साली ट्रेंटच्या धर्मसभेने सांगितलंय की भाकरीत पूर्ण ख्रिस्त आणि द्राक्षारसातही पूर्ण ख्रिस्त. तिला अर्धं मिळालं असं होत नाही. मात्र एक गोष्ट फादरांना बजावून सांगा. मिस्सात ते होस्ट मोडतात आणि तिचा एक कण स्वतःच्या चषकात टाकतात. त्या चषकातलं तिला चालणार नाही. तिच्यासाठी छोटा वेगळा चषक सुरुवातीपासून वेदीवर ठेवायचा, आणि तो हातात घेण्याआधी बोटं धुवायची.

सासूबाईंच्या गप्प बसण्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पण आमच्या पिढीने हे पुस्तकातून कमी आणि हाताने जास्त शिकलंय. मी आठ वर्षं आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेते. मनगटी घड्याळाएवढी सोनेरी डबी, कापडी पिशवीत, गळ्यात, साडीच्या पदराखाली. वाटेत कुणी ‘काय बाई, कुठे?’ विचारलं तर मान हलवते आणि पुढे जाते. नाक्यावर सगळ्यांना कळतं, आज बाई ‘त्याला’ घेऊन चाललीय. एका म्हाताऱ्या बाईला घशाचा कॅन्सर होता, गिळणं बंद. नखाएवढा कण चमचाभर पाण्यात द्यायचे. एकदा तो ओठावरून घसरून फरशीवर पडला. मी वाकेपर्यंत तिची सून, जी कधी देवळात दिसली नाही, गुडघ्यावर बसली होती. कण मी उचलून खाल्ला. जागा ओल्या रुमालाने पुसली, रुमाल वाटीत पिळला आणि ते पाणी मागच्या जास्वंदीच्या मुळाशी ओतलं, जिथे कुणाचा पाय पडत नाही. सूनबाईने दिवा धरला होता. संध्याकाळची वेळ, लाईट गेलेली. तिने काही विचारलं नाही.

नगरचा पास्टरपुत्र

बाईंचा आदर राखून लिहितो. आमच्याकडे, प्रोटेस्टंटांत, प्रभुभोजनाला पावाचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षांचा रस असतो. हा प्रश्न आमच्याकडे आला असता तर माझ्या वडिलांनी दोन मिनिटांत ज्वारीची भाकरी चालवली असती. येशू ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ म्हणाला. आठवण गव्हाच्या पिठावर अवलंबून नसते. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक यावरच भांडले. ल्यूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ लिहून ठेवलं आणि तो त्यावरून हलला नाही. मी झ्विंग्लीच्या, म्हणजे भाकर ही खूण मानणाऱ्याच्या बाजूचा. ‘मी द्वार आहे’ असंही येशू म्हणाला, म्हणून कुणी त्याला बिजागरी शोधत नाही.

जुनी बाई

बिजागरी आवडली. पण बायबलात योहान 6 वाचा. ‘माझा देह खरे खाद्य आहे’ ऐकून लोक म्हणाले, हे वचन कठीण आहे, आणि बरेच शिष्य सोडून गेले. तो त्यांच्या मागे ‘अहो, मी उपमेने बोललो’ म्हणत धावला नाही. बारा जणांनाच विचारलं, तुम्हीही जाणार का? त्या अध्यायावर माझा सगळा भार आहे. ज्वारीबद्दल मात्र तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

वाडीवाला

मला गहूच का हेच कळत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला. गहू वसईला वाण्याकडून आला. येशू आगाशीत जन्मला असता तर?

जुनी बाई

तर तांदूळ असता. पण तो जन्मला यहुदी घरात, आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याच्या हातात वल्हांडणाची भाकर होती. देव माणूस झाला म्हणजे कुठल्यातरी एका गावचा झाला, एका पंगतीला बसला. मला हे पटतं. तरी तांदूळ लावताना तुमच्यासारखंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

निर्मळची सून

उशिरा लिहितेय. दुसऱ्या फादरांकडे गेलो, सासूबाईही आल्या. त्यांनी 2003चं पत्र स्वतःच काढलं. छोटा चषक मिळत नव्हता, तर सासूबाईंनी कपाटातून त्यांच्या लग्नातला चांदीचा छोटा पेला काढला. फादर म्हणाले, घरातला पेला वेदीवर चालत नाही, चषक मी बघतो. सासूबाईंचं तोंड उतरलं, पण पेला परत कपाटात गेला नाही, मुलीच्या टेबलावर राहिलाय.

डॉक्टर कमी ग्लुटेनच्या होस्टलाही नको म्हणाले, म्हणून फक्त द्राक्षारस. काल सराव झाला, वेदीवर न ठेवलेल्या साध्या वाइनचा एक थेंब. तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ‘‘खोकल्याच्या औषधासारखं लागतं. येशू झाल्यावरही असंच लागणार ना?’’ हो म्हटलं. ‘‘मग ठीक आहे,’’ म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.