आठवी-नववीची हजेरी आणि ‘बेशिस्त पालक’

इंदिरानगरची आई
आमच्या नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर काल एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं: आठवी-नववीच्या पोरांची हजेरी घसरते कारण आईबापांना शिस्त नाही, रात्री मोबाइल काढून घ्या, सकाळी तोंडावर पाणी मारा, प्रश्न मिटला. चाळीस जणांनी लाइक केलं. माझा संताप झाला, म्हणून इथे लिहिते.

माझा मुलगा नववीत. शाळा ७.१० ला भरते, व्हॅन ६.२० ला येते. आता आदला दिवस बघा. दीडला घरी, चार ते आठ कॉलेज रोडला क्लास, मुंबई नाक्याच्या गर्दीतून घरी यायला पावणेनऊ. जेवण, शाळेचा गृहपाठ, मग क्लासचा. बारा वाजतात. परवा पावणेसहाला उठवून मी डबा भरायला गेले. परत येऊन बघते तर एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि पलंगावर बसल्या बसल्या पोरगा झोपलेला. याच्या तोंडावर पाणी मारू?

वयात येताना झोपेचं मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) शरीरात रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. दहाला आडवं केलं तरी त्यांना झोप येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ मध्ये नऊचा नियम आला, तोही फक्त चौथीपर्यंत. आमच्या शाळेने लहानांना पुढे सरकवलं आणि मोठ्यांना वीस मिनिटं अलीकडे आणलं.

फळा-खडू
ताई, अमेरिका राहू द्या. मी पंचवटीत ३१ वर्षं शिकवलं. मखमलाबादहून सायकलवर येणारी पोरं डिसेंबरच्या थंडीत प्रार्थनेआधी रांगेत असायची. शरीर तेव्हाही हेच होतं. फरक एवढाच की तेव्हा नऊला घरात निजानीज व्हायची. आणि पालकांच्या चिठ्ठ्या काय सांगू? रविवारी सप्तशृंगीला जाऊन आलो, दमलो, म्हणून सोमवारी रजा. मावसबहिणीच्या हळदीला दोन दिवस, लग्नाला एक. पालकच शाळेला शेवटचा नंबर देतात, मग पोराने का पहिला द्यावा?

सातपूर सेकंड शिफ्ट
सर, नऊला निजानीज कोणाच्या घरात? मी कंपनीतून पावणेबाराला येतो. एकच खोली. मी जेवायला बसलो की लाइट लागतो, भांडी वाजतात, दहावीतली मुलगी जागी होते. पाणी आणून देते, दोन शब्द बोलते. आठवडाभर आमची भेट तेवढीच. तिला ‘झोप’ म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

इंदिरानगरची आई
दादा, वाचून पोटात कालवलं.

वणी रस्ता
तुम्ही सगळे शहरातले. आमच्या दिंडोरीकडे जानेवारीपासून द्राक्षकाढणी. पेठ-सुरगाण्याहून मजूर कुटुंबं येतात, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी. तीन महिने गेले की ती परत वर्गात बसायलाच लाजते. इथल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे, योजना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण आमच्या थांब्यावर सकाळची गाडी चुकली की पुढची दीड तासाने. पोर घरी परतते. पटावर गैरहजर.

न्यूटनचा चौथा नियम
मूळ दुखण्याला कोणी हात लावत नाही. क्लास! मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीच्या पटावर ऐंशी, समोर अकरा. बाकीचे ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे नाव आमच्याकडे आणि पोर क्लासमध्ये. २०१८ ला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. आमच्याकडे पोरं अंगठा लावून मागच्या गेटने क्लासला जायची. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम कागदावरच पूर्ण होतो. बारावीत हे चालतं हे नववीचं पोर बघत असतं. शाळा बुडवली तरी चालते, क्लास बुडवायचा नाही, हे त्याला आपणच शिकवलं.

बॅच सुरू
मी क्लास चालवतो, सातवी ते दहावी. सरसकट शिव्या घालू नका. माझ्याकडे पोरगं आलं नाही तर दहा मिनिटांत घरी फोन जातो. शाळेत तीन-तीन दिवस आलं नाही तरी कोणी विचारत नाही. पालक पैसे उगाच मोजतात का?

न्यूटनचा चौथा नियम
फोन करता कारण फी अडकलेली असते! तुमच्या फ्लेक्सवरचे टॉपर आमच्या पटावरचे आहेत.

बॅच सुरू
पटावर आहेत, शिकवलं कोणी? अकरा पोरं समोर असतात तेव्हा त्यांना तरी शिकवता का तुम्ही?

न्यूटनचा चौथा नियम
हो, शिकवतो. रोज. अकरा असोत की एक. हे पुन्हा विचारू नका.

फळा-खडू
दोघंही आवरा. नववीच्या पोराचा विषय आहे.

इंदिरानगरची आई
क्लासवाल्या सरांचं ‘दहा मिनिटांत फोन’ मला लागलं. मागच्या वर्षी माझ्या मुलाचं दर सोमवारी पोट दुखायचं. मीच घरी ठेवायची, ओवा-पाणी द्यायची. डिसेंबरच्या पालकसभेत कळलं, अकरा सोमवार गेले होते. तोवर शाळेतून एक फोन नाही. सोमवारी गणिताची चाचणी व्हायची आणि मार्क वर्गात मोठ्याने वाचायचे. तिसऱ्या सोमवारी कोणी फोन केला असता तर मी तिसऱ्या सोमवारीच विचारलं असतं.

आणि काका म्हणाले ते मोबाइलचं: खरं आहे. काल रात्री पाहिलं, बारा चाळीसला पांघरुणात उजेड होता. आता चार्जर स्वयंपाकघरात, माझा फोनही तिथेच. त्यांची बाकीची पोस्ट मला अजूनही मान्य नाही.

फळा-खडू
अकरा सोमवार वाचून मी कालपासून गप्प होतो. पालकांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. पण मीही हजेरी घेताना ‘गैरहजर’ म्हणून खूण करायचो आणि पुढचं नाव पुकारायचो. तेव्हा घरोघरी फोन नव्हते, पण बऱ्याच पोरांची घरं शाळेपासून चार गल्ल्यांवर होती. मी किती वेळा गेलो? मोजले तर दहा बोटंही लागणार नाहीत.

वणी रस्ता
सर, तुम्ही थोड्या वेळा तरी गेलात.

बॅच सुरू
ताई, आठला सुटून मग घरचा अभ्यास, हे जास्त होतं, कबूल. मी जूनपासून नववीला साडेसहाला सोडेन आणि शाळेचा गृहपाठ क्लासमध्येच करून घेईन. कनिष्ठवाल्या सरांसाठी नाही, पोरांसाठी.

इंदिरानगरची आई
शनिवारी आम्ही आठ पालक मुख्याध्यापकांना भेटतोय. मागण्या दोनच: मोठ्यांचं सत्र पुन्हा साडेसातला, आणि पहिल्या तासानंतर गैरहजर मुलांच्या घरी फोन. फोन करायला आमच्यातले दोन पालक रोज आळीपाळीने येतील, ती यादी तयार आहे. सातपूरचे दादा, तुमची मुलगी आमच्याच शाळेत असेल तर या. शनिवारी साडेनऊला.

सातपूर सेकंड शिफ्ट
आमची शाळा दुसरी. पण साडेनऊला मी मोकळा असतो. आमच्या मुख्याध्यापकांकडे मीच जातो. तुमचा अर्ज इथे टाका, तसाच लिहीन.