पोरं व्हिडिओ बघून येत नाहीत, आणि गटात एकच जण राबतो. काय करावं?

थर्मोवाला: डिप्लोमा मेकॅनिकल, दुसरं वर्ष, विषय थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र), साठ पोरं. आदल्या रात्री १२ मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. पन्नास अंगठे येतात. सकाळी एन्ट्रॉपी विचारली की सगळे पंख्याकडे बघतात. गट त्यांनीच पाडले, म्हणजे मागचा बाक आहे तसाच. प्रत्येक गटाला वेगळं गणित दिलं. एक मुलगी सोडवते, बाकीचे तिच्या चार्टला सेलोटेप लावतात. व्हिडिओ बंद करून पुन्हा खडू हातात घेऊ का?

औषधी_बाई: सर, "बघितला का" विचारूच नका. आल्याआल्या पाच प्रश्नांची चाचणी, आधी एकेकट्याने. पेपर गोळा करा आणि तीच चाचणी लगेच गटाला द्या. गुण दोन्हींचे धरा. गट तुम्ही पाडा, पाच ते सात जणांचे, आणि सत्र संपेपर्यंत मोडू नका. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी मायकेलसन यांचा वर्ग १९७० च्या दशकाच्या शेवटी ४० वरून १२० वर गेला, त्यातून ही पद्धत निघाली, टीम-बेस्ड लर्निंग म्हणतात तिला. तुमचे तर साठच आहेत!

जुना_खडू: आणि सिलॅबस कोण संपवणार?

कोपरा_बाक: वेगळी गणितं दिलीत तिथेच घोळ झाला. दुसऱ्याचं कोण ऐकेल? सगळ्यांना एकच प्रश्न द्या, उत्तर एकच निवडायचं, आणि सगळ्या गटांनी उत्तराचं कार्ड एकदम वर करायचं. उदाहरणार्थ: बंद खोलीत चालू फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली थंड होईल, गरम होईल की तशीच राहील?

थर्मोवाला: गुरुवारी करून बघितलं. सहाचे दहा गट. फ्रिजवर सात गट "थंड", एक "तशीच", दोन "गरम". वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेला एक जण उठला, त्याचे काका फ्रिज दुरुस्त करतात. म्हणाला, "मागच्या जाळीला हात लावून बघा. आतली उष्णता तिथनं खोलीतच येते, वर कॉम्प्रेसरच्या विजेची वेगळी." मी जे फळ्यावर दोन तास सांगितलं असतं ते! जुना खडू, हे सिलॅबसमध्येच आहे हो.

चाचणीत मात्र तिसऱ्या प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर निघाले. एका गटाने पुस्तकाचं पान दाखवून लेखी अर्ज दिला, गुण द्यावे लागले. अर्ज त्याच सेलोटेपवाल्यांचा. अक्षर त्या मुलीचं नव्हतं.

औषधी_बाई: गुण फक्त अर्ज करणाऱ्या गटालाच द्या हं. बाकीचे पुढच्या वेळी स्वतः पान शोधतील.