नाकाचा पडदा सरळ केला म्हणजे झालंच असं नाही

‘नाकाचा आतला पडदा (दोन नाकपुड्यांमधली भिंत) सरळ केला की पुरे, बाहेरचा आकार बदलणं नुसती हौस’ असं काहीजण म्हणतात, ते मत अर्धंच पटलं. भुसावळच्या माझ्या चुलतभावाला कबड्डीत कोपर लागून नाक वाकडं झालं. पडद्याचं ऑपरेशन झालं, तरी जोरात श्वास ओढला की डावी नाकपुडी आत चिकटायची. जळगावच्या डॉक्टरांनी नाकाशेजारचा गाल बोटाने बाहेर ओढला, म्हणाले, “घे आता श्वास.” एकदम मोकळा! ही कॉटल टेस्ट. अडचण झडपेपाशी, म्हणजे नाकातल्या सर्वांत अरुंद जागी असावी, असं त्यावरून वाटतं (पक्कं निदान तेवढ्यावर होत नाही).

मग पडद्यातल्याच उरलेल्या कूर्चेच्या (लवचिक, मऊ हाडाच्या) पट्ट्या बसवून ती जागा रुंद केली. त्यात बाहेरचं नाकही सरळ झालं. शेंड्याची सूज पुरती उतरायला मात्र वर्षभर लागतं, तेव्हा लग्नाआधी महिनाभर उरकू म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.